कपाचा कान कुणीकडं

भिवाजीमामा साजगावात अजून सांगत फिरतो म्हणे, की दहिवलीच्या सोनुबाईनं चहात काहीतरी घातलं होतं. घातलं होतं रं मेल्या! आलं घातलं होतं, आणि गवती चहाची पात घातली होती. दुसरं काय घालणार? माझ्या नावानं बोंब मारायच्या आधी स्वतःच्या हाताला विचार म्हणावं. त्या दिवशी काय झालं ते मी सांगते, मग कुणाचं चुकलं ते तुमीच ठरवा.

मी शकूची आत्या. लहानपणी लग्न झालं आणि लहानपणीच नवरा गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. भाऊ चांगो, शकूचा बाप, देवमाणूस. देवमाणूस म्हणजे कुणी काही मागितलं की "बरं" म्हणणारा. वहिनी वाईट नाय, पण मला भाकरी वाढायची ती तोंड चुलीकडं करून. बोलायची काही नाय. न बोलता वाढलेली भाकरी कशी लागते ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाय.

मग चांदी आली. म्हशीचं पारडू, आईनं टाकलेलं, माशा घोंगावत होत्या त्याच्यावर. मालक म्हणाला, जगली तर तुझी. मी तोंडात बोटं घालघालून पेज पाजली तिला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. ती मोठी झाली, व्याली, दुधाला लागली, आणि कर्जत स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडं आमचा रतीब लागला. त्या दिवसापासून वहिनी मला "वन्सं" म्हणायला लागली आणि भाकरी माझ्याकडं तोंड करून वाढायला लागली. कधी कधी वर तुपाचं बोटही. आता सांगा, चांदी म्हणजे माझी नुसती म्हैस होती का?

तर शकूचं लग्न ठरलं साजगावच्या गजाशी. पोरगा चांगला, उंच, हसरा. शेत करतो, दारू पीत नाय. त्याच्यात एकच खोट होती, आणि ती आमाला कुणी सांगितली नाय.

सकाळी वऱ्हाड आलं. शेजारच्या घरी त्यांना उतरायला जानवसा दिला होता. मी पाणी घेऊन गेले तर नवरदेव ओट्यावर बसून रिकामं जातं फिरवतोय. दाणा नाय, पीठ नाय, घरघर घरघर नुसती. मी म्हटलं, "जावईबापू, काय दळताय?" तो दचकला. "नाय, खुंटा दिसला," म्हणाला आणि हात मागं घेतला. थोड्या वेळानं त्याच घरातल्या पाळण्याची दोरी त्याच्या नजरेला पडली, तर हा पाळणा हलवतोय. पाळण्यात पोर नव्हतं, कांदे होते. मला वाटलं, लग्नाची घाई झाली असंल पोराला, बावचळलंय.

पण अंतरपाटाला मात्र कळस झाला. इकडं शकू उभी, तिकडं गजा, मधे कापड धरलेलं. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, लोक अक्षता मुठीत घेऊन उभे. गजाच्या एका हातात माळ, दुसरा मोकळा. समोर कापड लोंबताना दिसलं आणि त्या मोकळ्या हातानं ते बाजूला सारलं की! खोलीचा पडदा सारावा तसं. भटजींचं "सावधान" तोंडातच राहिलं. शकू आणि गजा समोरासमोर, आणि शकूला फुटलं हसू. भटजी असे खवळले! "अहो, मुहूर्त व्हायचाय अजून!" मग कापड पुन्हा धरलं, गजाच्या मामानं, म्हणजे या भिवाजीनंच, भाच्याचं मनगट घट्ट पकडलं, तेव्हा कुठं लग्न लागलं.

गजाची बहीण मैना, करवली म्हणून आलेली, चुलीपाशी माझ्या शेजारी येऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "काय गं, तुझ्या भावाला हाताचं काही दुखणं हाय का?"

"दुखणं नाय गं आत्या," ती म्हणाली. "त्याचा हात तसाच हाय. वस्तू जशी दिसंल तसा चालतो. त्याच्या मनात नसतं काय. दांडा दिसला की धरला, दोरी दिसली की ओढली. एका ठेकेदारानं कामाला ठेवला होता, तिथं आवारात हातपंप. दादानं सगळं आवार चिखल करून ठेवलं. आमी घरात कोयता ठेवतो ना, त्याची मूठ भिंतीकडं करून. मूठ त्याच्याकडं असली की गेलाच हात. भिंतीकडं असली की दादा गप."

मला हसू आलं. तेव्हा मला काय ठाऊक, की ह्याच गोष्टीवर संध्याकाळी माझी म्हैस लटकणार हाय.

आता आमच्याकडची रुसव्याची रीत सांगते. लग्न लागलं की वरपक्ष जेवायला बसतो, पानं वाढली जातात, आणि नवरा रुसतो. काहीतरी मागतो. धोतर, अंगठी, फार तर एखादी शेळी. मागणं कबूल झालं की पहिला घास. पण ह्यात एक मेख हाय. कबूल व्हायच्या आधी पंगतीत बसलेल्या कुणीही, एकानं जरी, आमच्या घरचं काही तोंडाला लावलं, घास म्हणा, घोट म्हणा, तर रुसवा फिटला आणि मागणं बुडालं. हे दोन्हीकडं मान्य. निवाडा करायला हिरूबाबा मधे बसलेला असतो, दोन्ही गावांचं त्याच्याशी नातं आणि दोन्ही गावांशी भांडण, म्हणून.

पंगत बसली. पत्रावळी वाढल्या. वरण, भात, वाल, खीर. गजानं नवरदेवाची कट्यार मुठीत धरून मान खाली घातली. मामानं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "आमच्या गजाला म्हैस पाहिजे. ती गोठ्यातली, ठिपक्याची."

मी मागच्या दारी होते. विधवा बाईनं अशा वेळी पुढं यायचं नसतं म्हणे. पुढं यायचं नसलं तरी कान कुठं झाकून ठेवायचे असतात! माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

चांगोनं तोंड उघडलं. मला माहीत होतं त्या तोंडातून काय बाहेर पडणार. "बरं" पडणार! मी दाराआडून असा डोळा वटारला, की त्याचं तोंड उघडंच राहिलं. "बघू," म्हणाला. चांगोच्या जन्मात तो पहिल्यांदा "बघू" म्हणाला असंल.

"बघायचं काय?" मामा म्हणाला. "आमी बसलोय. द्या तेव्हा जेवू."

आणि बसले की खरंच! वाफा निवल्या. भातावर माशा बसायला लागल्या. मामा तसा खाणारा माणूस, पोट असं पुढं आलेलं. पण तोही पत्रावळीकडं बघंना, आढ्याकडं बघून बसला. उन्हं उतरायला लागली. चांगो माझ्याकडं येऊन हळूच म्हणाला, "सोने, पाव्हणे उपाशी हायत गं. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील चांगोची बहीण कजाग हाय. म्हणू देत."

"पोरीला तिथं त्रास देतील."

हे मात्र माझ्या काळजाला लागलं. आत गेले तर नवी नवरी शकू बाशिंग बांधून बसलेली, मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडं बघतेय. "आत्या, देऊ नको गं," म्हणाली. "चांदी गेली तर तुला परत तोंड फिरवून वाढतील." पोरीला सगळं दिसत होतं तर! मला वाटलं होतं मलाच दिसतंय. मी तिला पोटाशी धरली आणि मग असा राग आला, असा राग आला त्या मामाचा, की म्हटलं आता बघतेच.

मैनाचं बोलणं डोक्यात होतंच. हाताला दांडा पाहिजे ना? देते दांडा! मी मोठी पळी खिरीच्या पातेल्यात ठेवली, दांडा गजाकडं करून, आणि पातेलं वाढप्याकरवी बरोबर त्याच्यापुढं ठेवायला लावलं. गजाच्या हातातली कट्यार खाली पडली. हात पळीला गेला. पळी भरली, उचलली, आणि गजानं ती मामाच्या द्रोणात ओतली! मग पुढच्याच्या. मग त्याच्या पुढच्याच्या. नवरदेव मुंडावळ्या सावरत अख्ख्या पंगतीला खीर वाढत सुटला. जळ्ळं मेलं लक्षण! पळी काय सांगते? वाढ म्हणून सांगते. खा म्हणून कुठं सांगते? चूक माझीच होती. पंगतीतली माणसं खिरीकडं बघून आवंढे गिळत होती, पण तोंडाला कुणी लावली नाय.

मामानं गजाला हाताला धरून खाली बसवला आणि कट्यार पुन्हा त्याच्या मुठीत कोंबली. "डोळे मिट," म्हणाला.

शकू खिडकीतून बघत होती. ती धावत आली. "आत्या, कपबशी!"

आता कपबशी म्हणजे काय, तर तेव्हा आमच्या वाडीत चहाच नवा. आमी प्यायचो तो वाटीतून, नायतर पेल्यातून, पदरानं धरून. घरात कपबशी एकच. चांगोनं भटजींसाठी कर्जतहून आणलेली, गुलाबी फुलांची, आणि तिला तो धरायचा कान. त्या कानाकडं बघितलं आणि माझ्याही मनात आलं, ह्याचा एकच अर्थ हाय. धर आणि पी.

चांदीचंच दूध घेतलं. तिच्याच जिवावर बेतलेलं, तिचंच दूध. आलं ठेचून घातलं, गवती चहा घातला, गूळ सढळ हातानं. आणि कप बशीत ठेवून मी पुढच्या दारानं सरळ मांडवात गेले.

"ही बाई पुढं कशी आली?" मामा ओरडला.

"माझी म्हैस मागताना पुढं बोलावलीत ना? मग तिच्या मागं मी पण आले," मी म्हटलं. हिरूबाबा मिशीत हसला आणि म्हणाला, "येऊ दे."

मी गजापुढं बशी ठेवली. कान त्याच्या उजव्या हाताकडं. "डोळे उघडा जावईबापू, आतेसासूनं चहा दिलाय, निदान बघा तरी. बघायला रुसवा आड येत नाय."

गजानं डोळे उघडले. कट्यार खाली. हात निघाला. सरळ, झोपेत चालल्यासारखा. बोटं कानाला लागणार, तेवढ्यात मामानं कान चिमटीत धरला आणि कप गर्रकन फिरवला. कान माझ्याकडं झाला. गजाचा हात हवेतच थांबला. आता कुठं जायचं ते त्याला कळेना, म्हणून परत मांडीवर गेला.

"निवला वाटतं," मी म्हटलं, आणि बघण्याच्या निमित्तानं कप फिरवला. कान गजाकडं. हात निघाला.

मामानं कान धरून फिरवला. हात परत.

मी फिरवला. हात निघाला. मामानं फिरवला. बशी करकर करायला लागली. मांडवातली सगळी माणसं एकदा माझ्याकडं, एकदा मामाकडं, एकदा गजाच्या हाताकडं बघत होती. तो हात बिचारा येतोय, जातोय, येतोय, जातोय. गजा मला म्हणाला, "आत्या, माझा खांदा दुखायला लागला."

"गप रं!" मामा आणि मी एकदमच ओरडलो.

आता मामा चिडला. त्यानं कान सोडलाच नाय. दोन बोटं कानात अडकवून कप बशीतून उचलला, गजाला पोचू नये म्हणून आपल्या छातीशी घेतला, आणि मांडवाकडं बघून भाषणच सुरू केलं. "ऐका हो! आमी साजगावची माणसं. आमाला कुणी फसवू शकत नाय! एका घोटासाठी इमान सोडणारी आमची जात नाय! आमचा गजा भोळा हाय, त्याचा हात भोळा हाय, पण मी इथं बसलोय! मी असेपर्यंत..."

वाफ त्याच्या नाकात जात होती. आल्याची. सकाळपासून पोटात काही नाय. बोटं कानात. कोपर आपोआप वर आलं.

"...मी असेपर्यंत ह्या घरचा एक थेंबसुद्धा..."

फुर्रर.

मामानं घोट गिळला. मग आपल्याच हाताकडं बघितलं, जसं काय दुसऱ्याचा हात त्याच्या खांद्याला कुणी चिकटवलाय.

"फिटला रुसवा!" हिरूबाबानं काठी आपटली.

"मी नाय प्यालो!" मामा ओरडला. मिशीवरून चहा ओघळत होता. "मी नाय! हात गेला!"

गजानं त्याच्याकडं एवढ्या मायेनं बघितलं म्हणून सांगू. "मामा," तो म्हणाला, "तुमचा पण?"

मग कोण कुणाचं ऐकतंय! साजगावची माणसं खिरीवर तुटून पडली. हसून हसून वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली, "वन्सं, वन्सं!" मामानं कप खाली ठेवला, कान भिंतीकडं करून. थोड्या वेळानं परत उचलला आणि उरलेला चहाही पिऊन टाकला. म्हैस गेलीच होती, चहा कशाला सोडायचा?

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण गजाचा हात अजून शाबूत होता ना.

पाठवणीची वेळ झाली. मी गोठ्यात जाऊन बसले. चांदीच्या अंगाला अंग लावून बसले आणि रडले. म्हैस वाचली ह्याचा आनंद होता, पण शकू चालली होती. गजा शोधत शोधत तिथं आला. "आत्या, पाया पडतो," म्हणाला. "मला म्हैस नको होती. मामाचा हट्ट. कप मात्र फार चांगला होता." मी पदरात तोंड घालून बरं बरं म्हटलं. तो वाकला, उठला, गेला. मी पुढं सरकून गुडघ्यात डोकं घालून बसले, त्यामुळं मागं काय झालं ते बघितलं नाय.

गाडी वेशीबाहेर गेली असंल, तेव्हा मी मागं हात टेकला तर म्हैस नाय! खुंट्याला दावं नाय! मी सुरगाठ मारायची, एक टोक लोंबतं ठेवून, ओढलं की सुटणारी. ते लोंबतं टोक गजाच्या डोळ्यांसमोर आलं असणार. दुसरं काय होणार!

मी पदर खोचला आणि धावले. ओढ्यापाशी गाडी गाठली. बैल पाणी पीत उभे होते, आणि गाडीच्या मागं चांदी, डुलत डुलत आलेली, शकूच्या पायांना नाक लावून उभी. शकूच्या हातात दाव्याचं टोक. पाठवणीला रडून तिचे डोळे सुजले होते, पण तेव्हा ती रडत नव्हती.

"आत्या, ही आपणहून आली गं," ती म्हणाली.

"आपणहून आली तर आमची!" गाडीतून मामा ओरडला. गजा आपल्या हातावर बसला होता. दोन्ही हातांवर.

मी शकूकडं बघितलं. मनात आलं, जाऊ दे. पोर एकटी चालली परक्या घरात. तिथं कुणी तिच्याकडं तोंड करून वाढंल का चुलीकडं, कुणास ठाऊक. निदान गोठ्यात तरी तिचं आपलं कुणी असू दे. खरंच आलं मनात, देवाशपथ. मी तोंड उघडलं, "ठेव तुझ्याकडं" म्हणायला.

तेवढ्यात शकूनं दाव्याचं टोक माझ्यापुढं धरलं. "घे आत्या."

आणि माझा हात पुढं गेला. मूठ वळली. दावं धरलं आणि सोडंना. तोंड उघडं ते उघडंच राहिलं, पण हात काही ऐकंना माझा. शकूनं माझ्या मुठीकडं बघितलं, मग गजाकडं, आणि अशी खदखदून हसली की ओढ्यातले बैल बिचकले. "आत्या, तू पण!" म्हणाली. गाडी हलली तरी ती हसतच होती. वळणावर गेल्यावर हसू ऐकू यायचं थांबलं, मग मी घराकडं वळले.

दिवेलागणीला दूध काढायला बसले तर चांदी पान्हा सोडंना. पाय झाडते, वेशीकडं बघून हंबरते. तिचं रोजचं वैरणपाणी शकू करायची ना. वलणीवर शकूचं जुनं लुगडं तसंच वाळत होतं. मी ते अंगाभोवती गुंडाळलं आणि परत तिच्याखाली बसले. तिनं वळून हुंगलं, परत हुंगलं, आणि सोडला पान्हा. म्हैस फसली. त्या लुगड्यात थोडा वेळ मी पण फसले.